जलरंगातील 'सोपे' निसर्गचित्र : एका रूढ अध्यापनपद्धतीची चिकित्सा

महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेतील चित्रकलेच्या वह्या चाळल्या तर एक चित्र हमखास आढळते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून वर आलेला अर्धा सूर्य, डोंगरातून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंद होत आलेली नदी, काठावर उतरत्या छपराची झोपडी, शेजारी एक नारळाचे झाड आणि आकाशात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे चारदोन पक्षी. हे चित्र कोणत्या शिक्षकाने प्रथम शिकवले हे कोणी सांगू शकत नाही. ते एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाते, थोरल्या बहिणीच्या वहीतून धाकट्या भावाच्या वहीत उतरते. ज्या गावात नारळाचे झाड औषधालाही सापडत नाही, त्या गावातही ते असते.

या चित्राविषयी तक्रार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. बालकाला हाताशी एक खात्रीचे चित्र असावे असे वाटते, आणि ते त्याला मिळालेले असते. येथे विचार करावयाचा आहे तो वेगळ्या प्रश्नाचा. हा बालपणीचा साचा मोडावा म्हणून माध्यमिक शाळांतून, कला शिक्षक पदविकेच्या वर्गांतून आणि अलीकडे बी.एड. महाविद्यालयांतूनही जलरंगातील 'सोपे निसर्गचित्र' टप्प्याटप्प्याने शिकवले जाते. ही पद्धत खरोखर साचा मोडते काय, की जुन्या साच्याच्या जागी अधिक देखणा असा दुसरा साचा आणून बसवते? प्रस्तुत लेखिका स्वतः काही वर्षे याच पद्धतीने शिकवत आली असल्याने ही चिकित्सा बाहेरून केलेली नाही, हे आरंभीच नमूद करणे योग्य होईल.

रूढ पद्धतीचे स्वरूप

ही पद्धत बहुतेक वाचकांच्या परिचयाची असेल. कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने फळीवर बसवायचा. वरचा अर्धा भाग स्वच्छ पाण्याने ओला करायचा. वरून निळा रंग सोडून तो क्षितिजाकडे फिकट करीत आणायचा. ओल थोडी उरली असताना पातळ निळसर रंगात दूरचा डोंगर टाकायचा, म्हणजे त्याची कड आपोआप धूसर होते. कागद वाळला की मधल्या पट्ट्यात झाडांचे हिरवे पुंजके, त्यानंतर अगदी जवळ गडद गवत, एखादे खोड, कुंपणाचे दोन खांब. पाऊण तासात चित्र पूर्ण होते. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात पन्नास चित्रे होतात, आणि त्यांतील चाळीस तरी भिंतीवर लावण्याजोगी दिसतात.

या पद्धतीचे श्रेय नाकारता येणार नाही. ज्या प्रशिक्षणार्थ्याने दहावीनंतर ब्रश हातात धरलेला नाही, त्याला पहिल्याच तासात 'मलाही जमते' असे वाटणे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय या क्रमात जलरंगाचा एक खरा नियम अंतर्भूत आहे. जलरंग पारदर्शक असतो. त्यात उजेड हा रंगाने आणता येत नाही, तो कागदाच्या पांढरेपणातून राखून ठेवावा लागतो. म्हणून उजळाकडून गडदाकडे जाणे भाग पडते, आणि एकदा गडद केलेले पुन्हा उजळ होत नाही. तैलरंगात चूक झाकता येते. जलरंगात ती तशीच राहते. पोस्टर कलरवर हात बसलेल्या विद्यार्थ्याला हे पचवणे अवघड जाते. त्याच्या रंगपेटीत पांढऱ्या रंगाची नळीही असतेच, त्यामुळे ढग राखण्याऐवजी तो ढग थापतो.

तथापि, माध्यमाच्या या नियमाबरोबर दुसरी एक गोष्ट नकळत वर्गात शिरते. उजळाकडून गडदाकडे जाणे हा जलरंगाचा नियम आहे. पण आकाश निळे, दूरचा डोंगर निळसर, मधली झाडे हिरवी आणि जवळचे गवत गडद, हा जलरंगाचा नियम नव्हे. ती एका विशिष्ट दृश्याची कृती आहे. रूढ अध्यापनात या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात, आणि विद्यार्थी त्या एकच समजतो. प्रस्तुत लेखातील मुख्य आक्षेप हाच आहे. माध्यमाचा नियम शिकवताना आपण दृश्याचा निकाल देऊन टाकतो, आणि डोळ्यांना करण्यासारखे काही उरत नाही.

१८५७ सालातील दोन घटना

या पद्धतीची मुळे शोधताना एक योगायोग लक्षात येतो. १८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांचे 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' हे नवशिक्यांना लिहिलेल्या तीन पत्रांच्या स्वरूपातील पुस्तक प्रसिद्ध झाले. मुंबईच्या कलाशाळेने पुढे जो अभ्यासक्रम स्वीकारला तो लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील व्यवस्थेच्या वळणाचा होता. छापील आकृत्यांवरून नक्कल, मग घनाकृती, मग प्लास्टरचे पुतळे, आणि प्रत्येक पायरीवर परीक्षा, असे त्याचे स्वरूप होते. रस्किन या व्यवस्थेचे कडवे टीकाकार होते. नवशिक्याचा हात वळवण्यापूर्वी त्याचा डोळा उघडला पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

त्यांच्या पुस्तकात रंगासाठी सांगितलेला एक उपाय फार साधा आहे. पांढऱ्या जाड कागदाला वाटाण्याएवढे छिद्र पाडावे, तो कागद समोरच्या दृश्यापुढे धरावा आणि छिद्रातून जेवढा रंग दिसेल तेवढाच जुळवून पाहावा. झाड 'झाड' म्हणून दिसेनासे होते आणि रंगाचा एक तुकडा उरतो. वसाहतकालीन कलाशिक्षणाच्या इतिहासात एक परंपरा स्वीकारली गेली आणि दुसरी बाजूला राहिली, एवढे म्हणून थांबणे सोपे आहे. पण तसे म्हणणे मुंबईच्या कलाशाळेवर अन्याय करणारे ठरेल. त्याच शाळेत शिकलेल्या आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरास परतल्यावर कोटीतीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेचा परिसर पुनःपुन्हा चित्रित केला. १९३१ साली त्यांचे निधन झाले. एकच तळे, एकच काठ. बदलत होता तो प्रकाश. निसर्गचित्रकाराला नवे दृश्य शोधावे लागत नाही, तेच दृश्य नव्याने पाहावे लागते, हे त्यांच्या चित्रांवरून जितके समजते तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकावरून समजत नाही.

प्र. अ. धोंड यांचे उदाहरण अध्यापनाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. 'रापण'कार धोंड हे जे.जे.चे अधिष्ठाता होते आणि समुद्रचित्रे ही त्यांची खास ओळख होती. समुद्रकिनारा हा विषय म्हणून याहून सोपा असू शकत नाही: आकाश, पाणी आणि वाळू असे तीन आडवे पट्टे. चित्राची सारी मदार कोणत्या क्षणी कागद किती ओला आहे यावर असते. हे सोपेपण आणि वर्गातील सोपेपण यांत मूलभूत फरक आहे. धोंडांच्या चित्रात साधने कमी आणि निर्णय पुष्कळ असतात. वर्गातल्या चित्रात साधने पुष्कळ, आणि निर्णय मात्र एकही नाही, कारण ते सर्व फळ्याजवळ उभ्या असलेल्या शिक्षकाने आधीच घेतलेले असतात.

अलीकडच्या काळात पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या चित्रकलाविषयक पुस्तकांनी, विशेषतः मिलिंद मुळीक यांच्या जलरंगाच्या पुस्तकांनी, या माध्यमाची गोडी सामान्य वाचकापर्यंत पोहोचवली, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. मुळीक रस्ते, वाडे, पावसाने भिजलेले चौक रंगवतात. ते पाहून रंगवतात. पुस्तकातील टप्पे हे त्यांनी घेतलेल्या निर्णयांचे अवशेष असतात. आपण वर्गात मात्र ते अवशेषच अभ्यासक्रम म्हणून वापरतो. दोष पुस्तकाचा नाही.

प्रदेश, हवा आणि कागद

आता या कृतीतील दृश्य आपल्या प्रदेशाशी कितपत जुळते ते पाहू. प्रस्तुत लेखिकेचे महाविद्यालय बालाघाटच्या रांगेत आहे. महाविद्यालयाच्या गच्चीवरून जे डोंगर दिसतात त्यांना शिखर नाही. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनले. त्यामुळे येथील डोंगरांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे असतात. या खडकाला 'ट्रॅप' हे नाव मिळाले तेही जिन्याच्या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून. भूगोलाच्या तासाला हे सर्व शिकलेला विद्यार्थी चित्रकलेच्या तासाला त्रिकोणी डोंगर काढतो, आणि दोन्ही तासांच्या शिक्षकांना त्यात काही विसंगत वाटत नाही. बहुविद्याशाखीय अध्यापनाविषयी आपण इतके बोलतो, म्हणून हे येथे सांगितले.

दूरच्या डोंगराच्या निळेपणाचेही तसेच. हवेतील सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात म्हणून अंतर निळे दिसते, हे खरे आहे, आणि पावसाळा संपल्यावर धुतलेल्या हवेत आपल्याकडेही ते तसे दिसते. पण मार्च-एप्रिलमध्ये मराठवाड्याच्या हवेत धूळ असते. धुळीचे कण मोठे असल्याने ते जवळजवळ सर्वच रंगांचा प्रकाश सारखा विखुरतात, त्यामुळे दूरचा डोंगर निळा न होता पांढुरका, राखी, कधी मातकट पिवळा होतो. क्षितिजाजवळचे आकाश तर कोऱ्या कागदाहून फारसे वेगळे नसते. अशा दिवशी निळा डोंगर काढणारा विद्यार्थी खिडकीकडे पाठ करून बसलेला असतो, शब्दशः आणि अन्यथाही.

याहून अडचणीची बाब कागद वाळण्याची आहे. टप्प्यांच्या पद्धतीत 'कागद अर्धवट ओला असताना' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. कोकणात आषाढात कागद अर्धा तास ओला राहू शकतो. शेजाऱ्याचे चित्र पाहून यावे, चहा घ्यावा, तरी चालते. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी, पंखा सुरू असताना, साध्या कार्ट्रिज कागदावरचे पाणी आकाशाचा रंग खालपर्यंत नेण्याआधीच उडून जाते. मग निळ्या रंगाच्या कडा पडतात, विद्यार्थी घाबरून पुन्हा पाणी लावतो, आणि आकाशात फुलासारखे डाग उमटतात. शिक्षक म्हणतो, 'हात बसला नाही.' हाताचा दोष त्यात थोडा आणि हवेतील आर्द्रतेचा अधिक असतो. प्रस्तुत लेखिकेनेही हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे.

'निसर्गचित्र' या संज्ञेचा प्रश्न

मराठीत 'निसर्गचित्र' ही संज्ञा दोन भिन्न गोष्टींसाठी वापरली जाते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत पूर्वी निसर्गचित्र म्हणजे समोर ठेवलेल्या पाना-फुलांच्या डहाळीचे चित्र असे. सामान्य व्यवहारात निसर्गचित्र म्हणजे डोंगर-नदीचे दृश्य. पहिल्यात समोर वस्तू असते, पाहणे सक्तीचे असते. दुसऱ्यात समोर काहीच नसले तरी चालते. एकाच शब्दाखाली पाहून काढणे आणि न पाहता काढणे अशा दोन्ही सवयी सुखाने नांदतात.

दुसरी बाब अशी की, इंग्रजी 'लँडस्केप' या शब्दात भूमी आहे, तर आपल्या शब्दात निसर्ग आहे. निसर्ग म्हटले की माणसाने केलेले सारे वगळले जाते. पाण्याची टाकी, साखर कारखान्याचे धुराडे, एस.टी.चा थांबा, विजेचे खांब, उसाचा रस्त्यावर सांडलेला पाला, हे काहीही 'निसर्गा'त बसत नाही. बसते ती फक्त झोपडी, कारण ती साच्यात आधीपासून आहे. 'भूदृश्य' हा शब्द कलासमीक्षेत अधूनमधून वापरला जातो. वर्गातही तो वापरून पाहण्याजोगा आहे. शब्द बदलल्याने चित्र बदलत नाही हे मान्य. परंतु काय काढायला परवानगी आहे हे विद्यार्थी शब्दावरूनच ठरवतो.

वर्गातील अनुभव

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. अभ्यासक्रमात 'शिक्षणातील नाट्य व कला' हा भाग आला. आमच्याकडे त्याच्या प्रात्यक्षिक नोंदवहीत 'जलरंगातील एक निसर्गचित्र' अपेक्षित असते. एके वर्षी नोंदवह्या तपासताना एका प्रशिक्षणार्थ्याचे चित्र हाती आले. काम नेटके होते; निळे डोंगर, धूसर कडा, काठावर झोपडी. हा विद्यार्थी ऊसतोड कामगारांच्या कुटुंबातला. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे, असे त्याचे शाळेचे अर्धे वय कोपीत गेलेले. त्याला सहज विचारले, 'ही झोपडी कुठली?' तो म्हणाला, 'मॅडम, झोपडी अशीच काढतात.' आणि कोपी? 'तिचं कशाला चित्र काढायचं?'

एम.फिल.च्या लघुप्रबंधासाठी शालेय चित्रांच्या वह्या पाहताना प्रस्तुत लेखिकेने अशा झोपड्यांचे वर्गीकरण केले होते. त्या झोपड्या काढणाऱ्यांपैकी कोण कशा घरात राहते, हा प्रश्न तेव्हा सुचला नव्हता. त्या उत्तराने तो सुचला. या विद्यार्थ्याला जलरंग येत होता. त्याला एवढेच शिकवले गेले होते की आपण जेथे राहिलो ती जागा चित्राच्या लायकीची नाही. आणि दोन वर्षांनी तो कोठल्यातरी शाळेत साठ मुलांना तेच शिकवणार होता.

पुढील वर्षी पद्धत बदलून पाहिली. चित्र पूर्ण करण्याची अट काढली. कागद पोस्टकार्डाएवढा घेतला, कारण तेवढा भाग ओला राहण्याइतका वेळ आमची हवा देते. रंग दोनच: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना. या दोहोंच्या मिश्रणातून उबदार तपकिरीपासून थंड राखीपर्यंतच्या छटा मिळतात आणि जवळजवळ काळा रंगही मिळतो. मात्र हिरवा मिळत नाही, हीच त्यांची सोय. पेटीतील तयार हिरवी नळी उघडण्याचा मोह तेथेच संपतो. पेन्सिलीने क्षितिजाच्या एका रेषेपलीकडे काही आखायचे नाही. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला त्याच गच्चीवरून तीच दिशा, प्रत्येकी वीस मिनिटे. सोबत रस्किन यांच्या पद्धतीने छिद्र पाडलेला पांढरा कागद.

परिणाम दिसायला मुळीच चांगले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचे कागद चिखलासारखे झाले. काही प्रशिक्षणार्थी नाराज झाले. एकीने स्पष्टच विचारले की मागच्या तुकडीची इतकी सुंदर चित्रे भिंतीवर असताना आमच्याकडून हे का? तिला त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. परंतु दुपारच्या सत्रात छिद्रातून लिंबाच्या झाडाकडे पाहणारा एक विद्यार्थी अचानक ओरडला, 'मॅडम, झाड हिरवं नाहीच!' उन्हाविरुद्ध पाहिल्यावर ते जवळजवळ काळपट तपकिरी होते. त्याच्याभोवती गर्दी जमली, कागद हातोहात फिरला, वाद झाले. एकाला भिंतीचा पांढरा चुना आकाशाहून गडद दिसला आणि ते कोणी मान्य करेना, म्हणून सर्वांना एकेक करून पाहावे लागले. पूर्वीच्या वर्गात असा वाद कधीच झाला नव्हता. तेथे वाद घालण्यासारखे काही नव्हतेच.

झोपडी काढणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे ते दुसरे वर्ष होते आणि ही पद्धत त्याच्यासाठी नव्हती. तरीही तो संध्याकाळी गच्चीवर येऊन बसू लागला. त्याने एक कागद आणून दाखवला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची बाजू, तिच्यामागे बांबूच्या कामट्यांवर ताडपत्री टाकलेली बसकी कोपी, पुढे पाचटाचा ढीग. आठवणीतून काढलेले, अर्धेच रंगवलेले, ताडपत्रीच्या जागी कागद कोरा सोडलेला. 'तिथं पहाटे चंद्र असतो, ताडपत्री चमकते,' असे तो म्हणाला. जलरंगात पांढरे राखावे लागते हा नियम त्याला आधीपासून पाठ होता. तो लागू करण्याजोगी जागा त्याला आता सापडली होती.

मूल्यमापनाची अडचण

या पद्धतीवरील सर्वांत वजनदार आक्षेप सहकाऱ्यांकडून आला, आणि तो कलेविषयी नव्हता. बाह्य परीक्षकापुढे नोंदवही ठेवायची असते. त्याच्याकडे एका वहीसाठी दोन-तीन मिनिटे असतात. त्याला पूर्ण, स्वच्छ, चौकट केलेले चित्र दिसले तर तो गुण देतो. पोस्टकार्डाएवढे तीन अर्धवट तपकिरी कागद दिसले तर प्रशिक्षणार्थ्याने काम टाळले असे त्याला वाटते. आमच्या एका तुकडीचे गुण या कारणाने खरोखरच कमी झाले. प्रशिक्षणार्थ्यांनी त्याबद्दल जो राग व्यक्त केला तो रास्त होता. नोकरीच्या बाजारात त्यांना गुणपत्रिका न्यावी लागते, गच्चीवरचे वाद नेता येत नाहीत.

तेव्हा प्रश्न पद्धतीचा असला तरी किल्ली नोंदवहीच्या त्या एका ओळीत आहे. 'जलरंगातील एक निसर्गचित्र' याऐवजी 'एकाच ठिकाणाची, दिवसाच्या तीन वेळांची तीन जलरंग टिपणे. प्रत्येकावर स्थळ, वेळ व हवेची नोंद' असा बदल प्रस्तुत लेखिकेने अभ्यास मंडळाकडे लेखी सुचवला आहे. हवेची नोंद मुद्दाम घातली, कारण परीक्षकाला कागदावरची कड का पडली हे तीवरून कळेल. सूचनेवर झालेल्या पहिल्या चर्चेत एका ज्येष्ठ सदस्यांनी तीन टिपणांऐवजी दोन करावीत असे सुचवले. दुपारी बाराला गच्चीवर कोणी बसणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहे. मात्र लिंबाचे झाड काळपट दिसले होते ते दुपारीच, त्यामुळे ते सत्र सोडण्यास प्रस्तुत लेखिकेची तयारी नाही, आणि पुढील बैठकीत तसे मांडण्यात येणार आहे.